खिडकीतले मासे आणि तळातली घरटी

दर वर्षी जुलै-ऑगस्ट आला की सिॲटलच्या आमच्या मराठी मंडळींत एकच फोटो फिरायला लागतो. बॅलर्ड लॉक्सची, म्हणजे समुद्र आणि तळं यांच्यामधल्या जहाजांच्या पाणदरवाज्यांची, काचेची खिडकी, हिरवट पाणी, आणि प्रवाहाकडे तोंड करून तरंगणारे रुपेरी सॅमन. कुणाचे तरी आईबाबा पुण्याहून आलेले असतात, नातवंडं काचेला नाक लावून उभी असतात. फोटोखालचं वाक्यही ठरलेलं: "यंदा खूप मासे आलेत, म्हणजे नदी सुधारली!" मग हिवाळ्यात सॅमननं नदीच्या तळात केलेल्या घरट्यांचा आकडा येतो, तो अगदीच लहान असतो, आणि तीच मंडळी विचारतात, "एवढे मासे गेले कुठे? मोजणारे चुकले असणार."

मोजणारे चुकलेले नसतात. लॉक्सवर मोजले ते मासे आणि नदीत मोजली ती घरटी. एका आकड्यातून दुसरा वजा करून हिशेब लागेल असं हे प्रकरणच नाही. गेली काही वर्षं मी इथल्या ओढ्यांवर स्वयंसेवक म्हणून फिरते आहे. हा घोळ इतक्यांदा तोंडी निस्तरलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. आपल्याकडे हॉटेलांच्या मेन्यूवर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. रावस उत्तम मासा आहे, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही. हे नाव बंद झालं तर मला फार आनंद होईल. इथे वॉशिंग्टन राज्यात चिनूक, कोहो, सॉकआय, चम आणि पिंक असे पाच सॅमन येतात. पाचही गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात, विणीसाठी नदीत परततात आणि वीण झाली की मरतात. त्यांच्या घरट्याला इंग्रजीत 'रेड' म्हणतात, त्याचा लाल रंगाशी संबंध नाही. झालं.

मासे मोजणं तुम्हाला माहीतच आहे. लॉक्सवर माशांसाठी २१ पायऱ्यांची पाण्याची शिडी आहे. मासा एकेक पायरी उडी मारत किंवा पोहत चढतो आणि तिथे त्याची मोजणी होते. दारात उभं राहून लग्नाला आलेली माणसं मोजावीत, तसं. त्यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

घरटं मात्र बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. घरटं म्हटल्यावर डोळ्यांसमोर काड्या येतात, आणि मग माणूस नदीकाठी उभा राहून काड्या शोधतो. इथे काडी नाही, विणकाम नाही. मादी उथळ, खळाळत्या पाण्यात जागा निवडते, एका कुशीवर वळते आणि शेपटीचे फटके तळावर मारते. फटक्याच्या ओढीनं गोटे उचलले जातात, धार त्यांना जरा खाली नेऊन टाकते आणि मधला गाळ धुऊन निघतो. असं पुन्हा पुन्हा. तळात खळगा पडतो आणि त्याच्या खालच्या अंगाला गोट्यांचा उंचवटा जमतो. मादी खळग्यात अंडी सोडते, नर त्याच क्षणी शेजारी येऊन ती फळवतो. लगेच मादी थोडी वर सरकून पुन्हा खणू लागते, आणि तिथले गोटे वाहत येऊन आधीच्या अंड्यांवर पांघरूण घालतात. असे चार-पाच कप्पे एका घरट्यात असू शकतात. चिनूकचं पूर्ण झालेलं घरटं अंथरलेल्या डबल बेडएवढं, कधी त्याहूनही मोठं भरतं आणि त्यात हजारो अंडी असतात.

काठावरून ते कसं दिसतं? नदीचा तळ शेवाळ्यानं तपकिरी झालेला असतो. घरट्याच्या जागी गोटे उलटेपालटे झालेले असल्यामुळे तेवढा भाग फिकट दिसतो, नुकत्याच घासलेल्या पितळी परातीसारखा. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला फक्त पाण्यावरची चकाकी दिसत होती. ती चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावल्यावर खळगा दिसला, मग उंचवटा, आणि मग खळग्याच्या वरच्या टोकाला स्थिर उभी असलेली मादी. तिच्या शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. शेपटी अशी पांढरी दिसली की समजायचं, हिनं खणलंय.

नुसता फिकट डाग म्हणजे घरटं नव्हे, हे मला दोन वेळा चूक करून समजलं. मादी कधीकधी थोडं खणून बघते, जागा पसंत पडत नाही, सोडून देते. तिथे खळगा असतो, पण खाली नीट भरलेला उंचवटा नसतो. कधी हरणं ओढा ओलांडतात, कधी कुत्रा पाण्यात धुडगूस घालतो, त्यानंही गोटे उलटतात. सर्वेक्षण करणारा माणूस तेवढ्यासाठी पाच-पाच मिनिटं एका जागी उभा राहतो. खात्री झाली की काठावरच्या फांदीला रंगीत फीत बांधतो, तिच्यावर तारीख आणि क्रमांक लिहितो, जागेची नोंद करतो, आणि मग पुढे.

आता मूळ मुद्दा. कोकणात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना मी चढणीच्या माशांची आठवण करून देते. पहिला जोराचा पाऊस पडतो, वलगण लागते, गाभोळीनं भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढायला लागतात. तुम्ही खाली बांधापाशी उभे राहून चढणारे मासे मोजलेत, तर तो आकडा खोटा नाही. पण त्यातला जो मासा वरच्या बांधावर कुणाच्या जाळ्यात किंवा टोपलीत सापडला, त्याची गाभोळी तव्यावर गेली. शेतात अंडी किती पडली याचं उत्तर खालच्या बांधावर मिळत नाही. ते शेतातच जाऊन बघावं लागतं.

लॉक्सची खिडकी हा खालचा बांध आहे. तिथून मासा जहाजांच्या कालव्यातून लेक वॉशिंग्टनमध्ये जातो आणि पुढे सीडर नदीत किंवा इसाक्वाच्या ओढ्यात. उन्हाळ्यात त्या कालव्याचं वरचं पाणी २० अंश सेल्सियसच्या पुढे तापतं. सॅमन थंड पाण्याचा जीव, तो त्यात दमतो, रोग उचलतो. वाटेत सील असतात, गळ असतात. एवढं पार करून जी मादी नदीत पोचते, तिला बरोबर आकाराचे गोटे, बरोबर खोली आणि बरोबर धार मिळावी लागते. तेव्हा कुठे घरटं होतं. म्हणून खिडकीतला मासा ही शक्यता आहे आणि तळातलं घरटं ही घडून गेलेली घटना: एक मादी पोचली, तिला जागा मिळाली, तिनं खणलं आणि ती व्याली.

हा फरक किती टोकाला जाऊ शकतो ते पाहायचं तर वेस्ट सिॲटलमधल्या लाँगफेलो ओढ्याकडे बघा. शहरातले असे ओढे मोठ्या कष्टानं दुरुस्त केले गेले, झाडं लावली, अडथळे काढले, आणि कोहो परतले. मासे मोजणाऱ्याला हे यशच दिसणार. पण शरदातला पाऊस पडला की ते कोहो वेडेवाकडे पोहायचे, तोंड उघडून पृष्ठभागावर यायचे आणि काही तासांत मरायचे. काही वर्षी निम्म्याहून कितीतरी जास्त माद्या वीण होण्याआधीच मेल्या. कारण हाती लागायला २०२० उजाडलं. मोटारींच्या टायरांत ओझोनपासून बचावासाठी ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी त्याची क्रिया होऊन जे क्विनोन तयार होतं ते झिजलेल्या टायरांतून रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. कोहोला ते अत्यंत अल्प प्रमाणातही मारतं. त्याच पाण्यात चम मात्र तगून राहतो.

अशा एका मेलेल्या मादीचं पोट माझ्यासमोर उघडलं होतं. मेलेले मासे तपासताना ते करावंच लागतं, मादी व्याली होती की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. आत गाभोळीच्या दोन्ही नारिंगी पट्ट्या जशाच्या तशा होत्या, एक दाणाही सुटलेला नव्हता. लहानपणी गाभोळी निघाली की आमच्या घरी आनंद व्हायचा. त्या दिवशी मी काठावर बसून राहिले. ती मादी माशांच्या वहीत 'एक' म्हणून लिहिली गेली होती. घरट्यांच्या वहीत ती कधीच येणार नव्हती.

दुसरी अडचण बेरजेची आहे, आणि इथे शिकलेली माणसंही घसरतात. रविवारी ओढ्यात ४० जिवंत मासे दिसले, पुढच्या रविवारी ३५. एकूण ७५? अजिबात नाही. त्यातले बरेचसे तेच असू शकतात. जिवंत माशांचे आकडे असे नुसते मिळवता येत नाहीत, त्यासाठी मासा ओढ्यात सरासरी किती दिवस जगतो ते धरून वेगळं गणित मांडावं लागतं. मेलेल्या माशांचं त्यातल्या त्यात सोपं: तपासला की त्याची शेपूट कापतात, म्हणजे पुढच्या खेपेला तो पुन्हा मोजला जात नाही. घरटं तर जागचं हलत नाही. त्याला फीत लागली की ते मोजलं गेलं. साधारण आठवड्याच्या अंतरानं जायचं, फक्त नवीन घरटी मोजायची आणि हंगामाअखेर सरळ बेरीज करायची. मला घरट्यांची मोजणी आवडते ती या सरळपणामुळे.

आता ज्या चुकीचा मला सर्वांत जास्त राग येतो ती. इथल्या चिनूकसाठी वर्षानुवर्षं २.५ हा गुणक वापरला जातो: एका घरट्यामागे एक मादी आणि सरासरी दीड नर. १०० घरटी सापडली तर अंदाजे २५० मासे विणीला होते असं धरतात. अंदाज म्हणून हे ठीक आहे. पण पुढे कुणीतरी लिहितं, "नदीत २५० मासे दिसले." कुणालाही २५० मासे दिसलेले नसतात! दिसलेली असतात १०० घरटी, बाकीचा गुणाकार आहे. मूळ आकडा दाबून गुणलेला आकडा छापणं मला मुळीच मान्य नाही. घरट्यांचा आकडा आधी द्या, गुणाकार नंतर.

हाच गुणक उचलून भलतीकडे लावणं तर आणखी वाईट. आपल्या वेळासच्या किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी मोजतात. तिथे एकच मादी एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते, शिवाय ती मरत नाही, पुढेही येते. म्हणून १०० घरटी म्हणजे १०० माद्या असं कासवांच्या बाबतीत म्हणता येत नाही. चिनूकची मादी आयुष्यात एकदाच विते, सहसा एकच घरटं करते आणि जीव जाईपर्यंत त्याची राखण करते. तिथे घरटं आणि मादी यांची जोडी जवळपास पक्की असते.

घरटी मोजणं सगळीकडे चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. सॉकआय दाटीनं वितात, एकीच्या घरट्यावर दुसरी खणते, तळाचा सगळा पट्टाच उलटापालटा होतो. तिथे एकेक घरटं वेगळं काढता येत नाही, मासेच मोजावेत. गढूळ पाण्यात तळच दिसत नाही. याच राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, तेव्हा साठलेला गाळ नदीतून वाहू लागला. अशा पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथे ध्वनिलहरींनी शोध घेणारं 'सोनार' यंत्र लावून मासे मोजले. पण पाणी स्वच्छ असेल आणि मासा चिनूक असेल, तर माझं मत ठाम आहे: एकाच मोजणीपुरते पैसे असतील तर ते घरट्यांना द्या.

सीडर नदीवर लँड्सबर्गचं धरण आहे. २००३ मध्ये तिथे माशांसाठी वाट झाली आणि जवळजवळ शंभर वर्षांनी चिनूक आणि कोहो धरणाच्या वर गेले. सॉकआयना अजून वर सोडत नाहीत, कारण शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं आणि सॉकआय मोठ्या संख्येनं तिथे मेले तर ते पाण्याला बरं नाही. ती वाट चालू झाल्याची बातमी मासा चढला त्या दिवशी झाली. वरच्या गोट्यांत पहिलं घरटं सापडलं ती खरी बातमी होती, असं मला वाटतं.

ऑक्टोबरात आईबाबा इथे असतील तर त्यांना लॉक्सवर नेऊन थांबू नका, रेंटनला न्या. तिथलं ग्रंथालय सीडर नदीच्या पात्रावरच, पुलासारखं बांधलेलं आहे. कठड्यावरून खाली पाहताना आधी मासे शोधू नका. तपकिरी तळात फिकट, घासल्यासारखा तुकडा दिसतो का ते बघा, मग त्याच्या वरच्या टोकाला पांढऱ्या शेपटीची मादी. आणि पुढे नदीकाठी फिरताना मुलांना उथळ, गोट्यांच्या पाण्यात उतरू देऊ नका. मासे दिसेनासे झाल्यावरही अंडी हिवाळाभर त्या गोट्यांखालीच असतात, आणि बुटाचा एक दाब त्यांना पुरतो.