फोटोग्राफी पोटापाण्याचा धंदा कशी झाली

मुलाने किंवा मुलीने फोटोग्राफर व्हायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न असतो, त्यावर भागणार का? हा प्रश्न नवा नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. पॅरिसमध्ये डागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी या मंडळींत होते. दोघेही पेशाने डॉक्टर. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मात्र याच काळात मुंबईत स्टुडिओ थाटून कॅमेऱ्यावर कमाई सुरू केली.

मोठी उडी घेतली लाला दीनदयाळ यांनी. इंदूरला बांधकाम खात्यातली नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले, सहाव्या निजामाचा आश्रय मिळवला आणि १८८६ मध्ये सिकंदराबादला, १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी हैदराबादेत त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता. मला त्यांच्या राजेरजवाड्यांच्या तसबिरींपेक्षा ही कल्पकता मोठी वाटते. कॅमेऱ्यासमोर कोण येऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

सगळ्यांना असा आश्रय लाभला नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. गोध्ऱ्यात जम बसवत असताना प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. पुढे बडोद्यात स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो, अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची वेळ आली.

अफवा विरल्या आणि गावोगावी स्टुडिओ झाले. तिथलं खरं कसब फोटो काढल्यानंतर सुरू होई. निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं दाखवणारी फोटोची मूळ उलटी प्रतिमा, उजेडावर धरून, टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरची एकेक सुरकुती भरायची. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक दिसते. तिथे शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती फिकी पडते. हात जरा जड पडला की गालावर पांढरा डाग! लग्नाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोत हा हात किती मोलाचा असेल, सांगायला नको.

वर्तमानपत्रांनी दुसरी वाट खुली केली, तीही सगळ्यांना सारखी नव्हती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. सत्तांतर, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, हे सारं त्यांनी टिपलं. १९७० मध्ये, नव्या छायाचित्रकारांची वागणूक पाहून खिन्न झालेल्या होमाईंनी काम थांबवलं. पुढची चाळीस वर्षं त्या जगल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, पण व्यवसायासाठी कॅमेरा पुन्हा हाती घेतला नाही.