न पळालेल्या घोड्यावरची बोली: शर्यतीच्या शिंगरांच्या लिलावामागचा इतिहास

माळेगावच्या जत्रेत घोडा घेणारा माणूस आधी घोड्याचं तोंड उघडून दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, मग कुणाला तरी वर बसवून पळवायला लावतो, चाल बघतो, आणि एवढं सगळं झाल्यावर रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची जत्रा भरली की लोह्याजवळच्या या गावात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आता त्याच जत्रेला येणारी तरुण पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या केंटकीचे, इंग्लंडातल्या न्यूमार्केटचे लिलाव बघतात, तिथं दीड वर्षाचं शिंगरू, ज्याच्या पाठीवर अजून माणूस बसला नाही, कोटींना जातं, आणि मग विषय निघतो की आपण चारजण मिळून पुण्या-मुंबईच्या रेससाठी एखादं घ्यावं का. घ्या न घ्या, पण हा बाजार असा कसा तयार झाला ते आधी माहीत पाहिजे, कारण यातला खरा धोका तिथंच दडलाय.

घोड्याचा खर्च आणि घोड्याची जोखीम आपल्या भागाला काही नवी नाही. मराठा फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा आणि बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदाराचा घोडा लढाईत गेला की त्याची रोजीरोटीच गेली, म्हणून शिलेदार लढाईत जनावर जपायचे असं इतिहासकार लिहितात, आणि मला ते लई पटतं. पुढं निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, घोडदळं औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई अशा ठिकाणी होती, तिथंही शिलेदारी पद्धतच होती, घोडा स्वाराचा आणि पगार सरकारचा. पण या सगळ्या काळात एक गोष्ट पक्की होती, फौजेला चार-पाच वर्षांचं, हाडानं भरलेलं, चालीला लागलेलं जनावर पाहिजे असायचं. न पळालेलं शिंगरू घेऊन लढाईला कोण जाणार?

शर्यतीतसुद्धा आधी असंच होतं. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यती चार-चार मैलांच्या, एकाच दिवशी दोनतीन फेऱ्यांत पळायच्या, आणि पळणारे घोडे पाच-सहा वर्षांचे असायचे. घेणाऱ्याला घोडा पळताना दिसायचा. मग 1776 ला सेंट लेजर सुरू झाली, 1779 ला ओक्स, 1780 ला डर्बी, आणि या तिन्ही तीन वर्षांच्या घोड्यांसाठी, अंतरही कमी. पुढं दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीही वाढल्या. सगळं बदललं ते इथं. मोठं बक्षीस आणि मोठा मान तिसऱ्या वर्षीच मिळणार असेल तर घोडा त्याच्या आधी घ्यावा लागणार, म्हणजे तो पळण्याच्या आधी, म्हणजे नीट बघायला काही नसतानाच. जोखीम विकणाऱ्याच्या अंगावरून घेणाऱ्याच्या अंगावर गेली ती तेव्हापासून.

आता पळताना दिसत नाही म्हटल्यावर बघायचं काय? वंशावळ. 1791 मध्ये इंग्लंडात जनरल स्टड बुक निघालं आणि थरोब्रेड म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीच्या घोड्यांच्या आई-बापाची नोंद सुरू झाली. आजचा जगातला प्रत्येक थरोब्रेड बापाच्या बाजूनं बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन नरांपैकी कुणाएकापाशी जाऊन पोचतो. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक शिंगराचं एक पान असतं, बाप कोण, आई कोण, आईनं किती शर्यती जिंकल्या, तिची आधीची पोरं कशी पळाली. ठळक अक्षरात छापलेली नावं जितकी जास्त तितका भाव वर. हे पान खोटं नसतं, पण ते घराण्याचं असतं, समोर उभ्या शिंगराचं नसतं, आणि एकाच आईबापाची दोन पोरं एकसारखी निघत नाहीत हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

विकायची जागाही त्याच काळात पक्की झाली. रिचर्ड टॅटरसॉल नावाच्या माणसानं 1766 मध्ये लंडनला हाइड पार्कजवळ घोड्यांचा लिलाव सुरू केला, त्याची कंपनी आज न्यूमार्केटला आहे आणि बोली अजूनही गिनीत लागते, म्हणजे एक पौंड पाच पेन्स. जुन्या हिशेबात पौंड विकणाऱ्याला आणि वरचा शिलिंग लिलाववाल्याला असा रिवाज. त्या लिलावाचे नियम जगभर पसरले आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा हा, की शेवटच्या बोलीवर लिलाववाल्याचा हातोडा पडला त्या क्षणी जनावर घेणाऱ्याचं. तबेल्यापर्यंत नेताना ते लंगडलं तरी बहुतेक ते तुमचंच. म्हणून अनुभवी लोक हातोड्याआधीच विम्याची सोय करून ठेवतात, पण तो विमा घोडा मेला तर मिळतो, घोडा मंद निघाला तर मिळत नाही, आणि जास्त करून घोडा मंदच निघतो.

अमेरिकेत हा बाजार खरा फुगला. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेवर बंधनं आली, केंटकीच्या पैदासवाल्यांना शिंगरं न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगाला नेता येईनात, म्हणून 1943 ला त्यांनी गावातच कीनलँडच्या रेसकोर्सवर विक्री लावली, आणि तीच पुढं जगातली सगळ्यात महागडी विक्री झाली. नॉर्दर्न डान्सर नावाचं एक बुटकं कॅनडाचं शिंगरू 25,000 डॉलरला विकायला ठेवलं होतं, कुणी घेतलं नाही, मालकानंच पळवलं आणि 1964 ला ते केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मानाची शर्यत जिंकलं. त्याची पोरं, नातवंडं युरोपात जिंकायला लागली तसा त्या रक्ताचा भाव चढत गेला, आणि 1980 नंतर एकीकडं रॉबर्ट सँगस्टर हा इंग्रज उद्योगपती आणि आयर्लंडची मंडळी, दुसरीकडं दुबईचं मक्तुम घराणं, दोघं समोरासमोर बोली लावायला लागले. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, ही माणसं शर्यतीच्या बक्षिसासाठी एवढी बोली लावत नव्हती. घोडा जिंकला तर पुढं त्याच्याकडून पैदास करून घ्यायची, एकेका घोडीमागं फी घ्यायची, हा हिशेब होता, आणि नॉर्दर्न डान्सरची फी एका टप्प्याला दहा लाख डॉलरपर्यंत गेली होती.

मग काय झालं बघा. 1983 ला मक्तुम घराण्यातल्या शेख मोहम्मद यांनी स्नाफी डान्सर 1 कोटी 2 लाख डॉलरला घेतला. तो एकदाही पळाला नाही, पैदाशीला लावला तर तिथंही अडचण, एकूण चार शिंगरं झाली. 1985 ला सिअ‍ॅटल डान्सरवर 1 कोटी 31 लाखांचा हातोडा पडला, दीड वर्षाच्या शिंगराचा विक्रम. का एवढा? कारण त्याचा सावत्र भाऊ, त्याच आईचा सिअ‍ॅटल स्लू, 1977 ला अमेरिकेची ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन मोठ्या शर्यती, एकही शर्यत न हरता जिंकला होता. आणि हा सिअ‍ॅटल स्लू स्वतः लिलावात गेला होता फक्त 17,500 डॉलरला. धाकट्यानं दोन बऱ्या शर्यती जिंकल्या, पण किमतीच्या मानानं कमाई काहीच नाही. मोठ्या भावाच्या वेळी त्या घराण्याला नाव नव्हतं म्हणून तो स्वस्त, धाकट्याच्या वेळी नाव झालं होतं म्हणून तो महाग, कुणीही घोड्याचे पाय मोजून भाव ठरवला नव्हता.

1986 ला अमेरिकेनं करकायदा बदलला, घोड्यातला तोटा दाखवून बाकीच्या कमाईवरचा कर वाचवायची सोय कमी झाली, आणि भाव कोसळले. ज्यांनी कर्जावर घोड्या घेतल्या होत्या ते पैदासवाले अडकले. शर्यतीचा आणि घोड्याचा संबंध नसलेली गोष्ट, पण घोड्याचा भाव तिनंच पाडला.

तोपर्यंत दुसरा प्रकार रुळत होता, दोन वर्षांचा, थोडा तयार केलेला घोडा, विक्रीआधी खरेदीदारांसमोर एक फर्लांग म्हणजे साधारण 200 मीटर पळवून दाखवायचा. निदान पळताना दिसतो म्हणून लोकांना हे बरं वाटलं. 2006 ला फ्लोरिडात द ग्रीन मंकी नावाच्या घोड्यानं फर्लांग 9.8 सेकंदांत कापला आणि 1 कोटी 60 लाख डॉलरला गेला, आजवर लिलावात विकलेला सगळ्यात महाग दोन वर्षांचा घोडा. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही, कमाई 10,440 डॉलर. एक फर्लांग पळणं आणि आठ फर्लांग गर्दीत पळणं यात फरक आहे, आणि शिवाय त्या एका दौडीसाठी कोवळ्या जनावराला केवढं ताणलं जातं ते वेगळंच.

कोवळं मी उगाच म्हणत नाही. घोड्याच्या गुडघ्यावरचं हाड साधारण दोन ते अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं, आणि सगळा सांगाडा पक्का व्हायला पाच-एक वर्षं जातात. त्यात उत्तर गोलार्धात रेसचा नियम असा की सगळ्या घोड्यांचं वय 1 जानेवारीला एकदम वाढतं, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि मेमध्ये जन्मलेलं कागदावर एकाच वयाचं. लिलावात लवकर जन्मलेलं शिंगरू भरदार दिसतं, त्यावर बोली चढते, आणि उशिरा जन्मलेलं चांगलं जनावर मागं राहतं. जन्मतारीख कॅटलॉगमध्ये छापलेली असते, ती वाचायची. पायांचे एक्स-रे, घशात दुर्बीण घालून श्वासनलिकेची तपासणी, हे आता मोठ्या विक्रीत रुळलंय, कारण पळताना घरघर करणारा घोडा उभा असताना अगदी धडधाकट दिसतो. लाकूड चावून हवा गिळायची किंवा जागेवर डुलायची खोड असेल तर बऱ्याच ठिकाणी ती विक्रीआधी जाहीर करावी लागते. हे सगळे नियम फसलेल्या खरेदीदारांच्या भांडणातून आलेत. एजंटांचंही तसंच, एकच माणूस घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आणि विकणाऱ्याकडूनही गुपचूप घेणार हे इतकं वाढलं की 2006 ला केंटकीला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्या जत्रेतला दलाल दोन्हीकडून घेतो हे सगळ्यांना दिसतं तरी. आणि एक, विकणारा आपली राखीव किंमत ठेवू शकतो, ती आली नाही तर घोडा परत नेतो, त्यामुळं बोलीत तुमच्यासमोर खरा गिऱ्हाईक आहे का नाही ते दर वेळी कळत नाही.

आता आपल्याकडचं. रेस आपल्या भागाला हैदराबादहून माहीत झाली, तिथं 1868 ला मौला अलीला आणि 1886 ला मलकपेटला शर्यती सुरू झाल्या. मुंबईत अरब व्यापारी बोटीनं घोडे आणायचे. स्वातंत्र्यानंतर परदेशी घोड्यांच्या आयातीवर बंधनं आली तसे देशातले, विशेषतः पुण्याच्या आजूबाजूचे स्टड फार्म म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचे मळे वाढले, 1946 चा पूनावाला स्टड त्यातलाच, आणि भारतीय स्टड बुकचं कामही पुण्यातूनच चालतं. आपल्याकडं काही घोडे लिलावात जातात, पण बरेचसे सौदे फार्मवर जाऊन थेट होतात. म्हणजे भाव सगळ्यांसमोर ठरत नाही, तुम्ही जास्त दिले का कमी ते तुम्हाला कळायला मार्ग नाही, पण शिंगराला निवांत, दोनतीनदा जाऊन बघता येतं, आणि मला वाटतं नव्या माणसाला हेच बरं.

खरी गोची किमतीत नसतेच. घेतलेलं शिंगरू शर्यतीला उतरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, आणि त्या सगळ्या काळात ट्रेनरची फी, साईसाचा पगार, दाणा-चारा, नालबंद, डॉक्टर, पुणे-मुंबई वाहतूक हे दर महिन्याला भरायचं. ही म्हणजे पाणी लागेल का नाही माहीत नसताना घेतलेली बोअर, फरक एवढाच की बोअर कोरडी गेली तर खर्च थांबतो. पोटशूळ एका रात्रीत घोडा नेऊ शकतो. साथीचंही आहे, 1960 च्या सुमारास आफ्रिकन हॉर्स सिकनेसनं भारतात घोडे, खेचरं मोठ्या संख्येनं मेली, आणि ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गाचा आजार निघाला तर आजही घोड्यांची ने-आण बंद होते आणि आजारी घोडा मारावाच लागतो. बक्षिसांची रक्कम क्लबच्या टोटवरच्या, म्हणजे पैजा घेणाऱ्या खिडकीवरच्या, उलाढालीतून येते, तिच्यावर 2017 ला 28 टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला, म्हणजे घोडा जिंकला तरी हातात येणाऱ्या रकमेचा उगम आटत चाललाय. रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं 1996 ला सांगितलं, तरी कराच्या हिशेबात ती कॅसिनोच्या रांगेतच बसली.

दुसऱ्या बाजूला लोक कॅनोनेरोचं उदाहरण देतात, 1,200 डॉलरचं शिंगरू आणि 1971 ची केंटकी डर्बी, किंवा जॉन हेन्रीचं, 1,100 डॉलरला गेलेला आणि पुढं 65 लाखांवर कमावलेला. दोन्ही खरी आहेत. पण त्याच भावात विकलेली आणि कुठंच नाव न लागलेली हजारो शिंगरं कुणाच्या गोष्टीत येत नाहीत, म्हणून या दोघांवरून हिशेब मांडू नका.

चारजणांनी मिळून घ्यायचं असेल तर एक गोष्ट आधी कागदावर आणा, जिच्याबद्दल घेताना कुणीच बोलत नाही. थरोब्रेड पंचवीस वर्षं सहज जगतो आणि पळतो फार तर चार-पाच. घोडी असेल तर पैदाशीला जाईल, नर असेल आणि नाव नसेल तर त्याला बहुतेक खच्ची केलेलं असतं, त्याला पैदाशीत जागा नाही. नाजूक पायांचं, रोज फिरवावं लागणारं, दाण्यात थोडा बदल झाला तरी पोट धरणारं जनावर आहे ते, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोठ्यात बांधून ठेवता येत नाही. एखाद्या रायडिंग स्कूलनं घेतलं तर ठीक, नाही तर उरलेल्या वीस वर्षांचा खर्च चौघांपैकी कोण, किती, कधीपर्यंत देणार, आणि एकजण मधूनच बाहेर पडला तर त्याचा वाटा कुणाकडं, हे पहिला हप्ता भरायच्या आधी लिहून सह्या करून ठेवा.