कुसुंबाची लाली आणि मेपलची लाली

दर मार्चमध्ये वरंध, कुंभार्ली अशा घाटांतल्या लालबुंद कुसुंबाच्या झाडांची छायाचित्रे ‘आपल्याकडचा फॉल’, म्हणजे थंड देशांतल्यासारखी रंगीत पानगळ, म्हणून फिरू लागतात. ती पाहून पुढच्या ऑक्टोबरात मंडळी रंगीत पाने शोधत गाडीने कोकणात उतरतात. ऑक्टोबरात घाटातली झाडी हिरवीच असते. सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत तेवढे पिवळे पडू लागते आणि खाली खाचरांत भातकापणी चालू असते. हे दृश्यही देखणेच, पण लालीच्या आशेने आलेला माणूस हिरमुसून परततो, आणि त्याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

थंड प्रदेशातली पानगळ बहुतेकांनी निदान चित्रांतून पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या सुमारे ७५५ किलोमीटर लांबीच्या ब्लू रिज पार्कवेवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला उंचावरची झाडे आधी रंगतात आणि मग तो रंग दिवसागणिक खाली उतरतो. जपानमध्ये निक्कोजवळच्या इरोहाझाका घाटाची ४८ वळणे अशाच रंगांसाठी प्रसिद्ध आहेत. दिवस लहान होऊन गारठा वाढला की झाड पानातले हरितद्रव्य मोडते, त्यातले उपयोगी घटक खोडाफांद्यांत परत ओढून घेते आणि पानात आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. मेपलसारख्या झाडांत याच वेळी अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. त्यानंतर पान गळते.

कुसुंबाच्या पानातही लाली आणणारे द्रव्य अँथोसायनिनच असते, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. द्रव्य एकच असले तरी मेपलचे लाल पान आयुष्याच्या शेवटाला आलेले असते आणि कुसुंबाचे नुकते उमललेले असते. कुसुंबाची जुनी पाने त्याआधीच, कुणाचे लक्षही न जाता, वाळून गळून गेलेली असतात. आपल्याकडे पानगळ घडवून आणतो तो मुख्यतः पावसाळ्यानंतर जमिनीतला आटत जाणारा ओलावा; थंडीचा वाटा त्यात थोडा. मग ऐन उन्हाळ्यात, पावसाच्या कितीतरी आधी, झाडाला नवी पालवी फुटते. तिच्यात हरितद्रव्य पुरते भरलेले नसते, आणि तोवर ही लाली कोवळ्या पानाला कडक उन्हापासून व किडींपासून वाचवते, असे मानले जाते. पान जून होत गेले की ते हिरवे होते आणि मृगाच्या सरी येतात तेव्हा कामाला तयार असते.

म्हणून ‘कुसुंबाची पानगळ पाहायला चला’ असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. गाडीत बसून शंका फिटत नसेल, तर झाडाखाली उभे राहावे. मेपलखाली लाल पानांचा सडा पडतो; कुसुंबाखाली मात्र जुन्या पानांचा तपकिरी पातेरा असतो आणि लाली सगळी वर, डहाळ्यांच्या टोकांना. ते पान हातात घेतले तर मऊ, तुकतुकीत आणि लुळे लागते, सूर्याकडे धरले तर उजेड आरपार येतो.

इतर चकवे किरकोळ आहेत. पळस, पांगारा आणि सावर यांचा लाल रंग फुलांचा असतो, हे जवळ गेले की कळतेच. किंजळ मात्र भल्याभल्यांना फसवतो: पावसाळ्यानंतर त्याचा सगळा माथा गंजाच्या रंगाचा दिसतो आणि पाने रंगली असे वाटते, पण तो रंग त्याच्या पंखवाल्या फळांच्या घोसांचा असतो.

पान गळण्याआधी लाल होताना पाहण्याची खरीच हौस असेल, तर घाट चढायची गरज नाही. किनाऱ्यावरच्या गावांत, परसात आणि शाळेच्या अंगणात उभा असलेला आपला साधा बदाम ऐन थंडीत किरमिजी होतो आणि तीच लाल पाने खाली टाकतो. या झाडाची छायाचित्रे कोणी काढत नाही, याची मला खंत आहे.

पालवीसाठी जायचे तर मार्चमध्येच जावे, आणि सकाळी, पानांमागून ऊन येत असताना. आंबोलीचा हट्ट धरू नये. तिथले जंगल निमसदाहरित असल्यामुळे उघड्या फांद्या आणि त्यांतून पेटलेला एकटा कुसुंब हा विरोध तिथे तितका उठत नाही. वरंध घाटासारखा पानझडीचा डोंगर मला यासाठी कधीही अधिक पसंत आहे. सगळा डोंगर एकदम लाल दिसेल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण शेजारशेजारचे दोन कुसुंबसुद्धा एकाच दिवशी पालवत नाहीत आणि एकेका झाडाची लाली फार दिवस टिकत नाही. वळणावर गाडी उभी करू नये आणि छायाचित्रासाठी डहाळी तर मुळीच तोडू नये. ती कोवळी पाने तोडल्यावर बघता बघता माना टाकतात.