टेम्परेचरचा काटा वर चढतो तेव्हा बोनेटखाली काय चालू असतं

आपण टाकीत जे पेट्रोल भरतो त्यातली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा इंजिन फिरवायला लागते, बाकीची सगळी उष्णता होऊन निघून जाते, काही सायलेन्सरमधून आणि बरीचशी इंजिनच्या धातूतून कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनभोवती फिरून त्याला गार ठेवणाऱ्या द्रवात. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि ज्याचा पिस्टन बनवलेला असतो ते ॲल्युमिनियम 660 अंशालाच वितळतं! गाडी 3000 आरपीएमला (म्हणजे इंजिनचे मिनिटाला 3000 फेरे) चालली असेल तर एकेका सिलिंडरमध्ये हा भडका दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला 25 वेळा उडतो. तरी पिस्टन वितळत नाही, कारण प्रत्येक भडका अगदी क्षणभरच टिकतो आणि मधल्या वेळात आजूबाजूने फिरणारं कूलंट आणि ऑइल उष्णता ओढून नेत असतं.

पण इंजिन थंडगार ठेवायचं असंही नाही हं. थंड इंजिनात ऑइल जाड असतं, पेट्रोल नीट जळत नाही, झीज जास्त होते. म्हणून मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते, तिच्यात मेण भरलेलं असतं, साधारण 80 ते 90 अंशाला ते मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मगच कूलंट रेडिएटरकडे, म्हणजे हवेने त्याला गार करणाऱ्या जाळीकडे जातं. ना वायर ना कॉम्प्युटर, नुसतं मेण, मला तर ही वस्तू अख्ख्या गाडीतली सगळ्यात हुशार वाटते (नवीन गाड्यांत काही ठिकाणी आता इलेक्ट्रॉनिक पण आलेत). ही झडप बंद अवस्थेत अडकली की गाडी थोड्याच वेळात हीट मारते.

आता रेडिएटरचं झाकण. हे साधं झाकण नाही, ते आतला दाब धरून ठेवतं, वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त. दाब वाढला की उकळायचं तापमानही वाढतं, अगदी प्रेशर कुकरसारखं, त्यामुळे आतलं कूलंट 110 अंशाला गेलं तरी उकळत नाही. गरम गाडीचं झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि ते द्रव तिथल्या तिथे उकळून वाफेसकट तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो वगैरे काही करू नका, हात भाजतोच. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा, वरचा रबरी पाइप दाबून बघता येईल इतका थंड झाला की मगच झाकणाला हात लावा. आणि बोनेट उघडं असताना पंख्यापासून लांब राहा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असताना पण आपोआप सुरू होतो.

कूलंटऐवजी नुसतं पाणी का नको? वाटेत अडकलात तर पाणी घाला, काही हरकत नाही, पण इंजिन थंड झाल्यावर, कारण तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. रोजच्यासाठी मात्र पाण्याने आत गंज धरतो, नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही आणि उकळायचं तापमानही वर नेतं, गंज रोखणारी रसायनं वेगळी असतात आणि ती काही वर्षांत संपतात, म्हणूनच रंग छान दिसत असला तरी मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मुदतीला कूलंट बदलायचं. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका, नुसता रंग बघून तर अजिबातच नको.

चालवताना काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर फुल करा. विचित्र वाटेल पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढतो, आपल्याला घाम फुटेल पण इंजिन वाचेल. तरी काटा उतरला नाही किंवा लाल पट्ट्यात गेला की बाजूला घ्या आणि बंद करा. "जरा पुढे गॅरेज आहे, तिथपर्यंत जाऊ" हा विचार सगळ्यात महाग पडतो, कारण तेवढ्यात सिलिंडर हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकतं, त्याच्याखालचं सील म्हणजे गास्केट उडतं. आणि काट्यावरही पूर्ण विसंबू नका, सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो, कूलंट सगळं गळून गेलं तर तो नुसत्या हवेत राहतो आणि काटा उलट खाली दाखवू शकतो. गाडी चढाला दम टाकतेय, जळका वास येतोय आणि काटा मात्र शांत, असं दिसलं तर थांबाच.

ऑइलचा लाल दिवा लागला तरी असंच, ताबडतोब बंद, त्यात तर मिनिटं पण मिळत नाहीत.

गास्केट गेलंय का हे ओळखायची एक सोपी खूण म्हणजे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ तपकिरी फेस, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा फेस नुसत्या ओलाव्याने पण येतो, म्हणून कूलंट कमी होतंय का तेही बघा. डिपस्टिकवर फेस दिसला तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. आणि जमिनीवर सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवा, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं पण विषारी, कुत्री-मांजरी चाटतात आणि लहान मुलांनाही धोका असतो.