डोळे मिटून केलेला सराव

१३ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लाय या जलतरण शर्यतीच्या अंतिम फेरीसाठी अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सने सूर मारला आणि त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरू लागले. शेवटच्या ५० मीटरमध्ये त्याला समोरची भिंतही दिसत नव्हती. तो मारलेले हात मोजत पोहत राहिला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी किशोरवयापासूनच त्याला रोज संपूर्ण शर्यत मनात पोहून काढायला लावली होती आणि त्या उजळणीत बिघडलेल्या शर्यतीही असत. मला या प्रसंगातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण पदक गळ्यात पडल्याचे स्वप्न रंगवणे आणि मानसिक सराव करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हालचालीची बारकाईने कल्पना करताना, प्रत्यक्ष हालचालीची आखणी करणारे मेंदूचे अनेक भाग सक्रिय होतात. फक्त स्नायूंपर्यंत जाणारा अंतिम आदेश रोखला जातो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी चार आठवडे करंगळीचा व्यायाम केवळ मनात केला, तेव्हा त्यांच्या करंगळीची ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढली; खरोखर व्यायाम करणाऱ्यांची वाढ ३० टक्के होती. स्नायू कामालाच लावले नसताना ताकद वाढली, म्हणजे बदल मज्जासंस्थेच्या आज्ञेत झाला असला पाहिजे. अर्थात, दमसास अशाने वाढत नाही, आणि मैदानावरील सरावाची जागाही हा सराव घेऊ शकत नाही. शिवाय ज्या नवशिक्याच्या मनात फटक्याचे चित्रच चुकीचे आहे, तो डोळे मिटून चूकच घोटत राहील.

म्हणून हा सराव पलंगावर आडवे पडून करण्यापेक्षा खेळाच्या पवित्र्यात उभे राहून, शक्य असल्यास बॅट किंवा रॅकेट हातात धरून करावा, आणि त्यात दृश्याबरोबर पकडीचा दाब, श्वास, पायांखालची जमीनही जाणवू द्यावी. वेगही खऱ्या खेळाचाच हवा. धावपटूने डोळे मिटून स्टॉपवॉच सुरू करावे, मनातली शर्यत संपताच ते थांबवावे आणि ती वेळ आपल्या नेहमीच्या वेळेशी ताडून पाहावी. मनातली शर्यत फारच लवकर संपली, तर वळणावरची किंवा शेवटच्या थकव्याची काही पावले मनाने गाळली असण्याची शक्यता असते, आणि पुढच्या वेळी तिथेच सावकाश जावे.