सेकंड लाइफ अडकतंय? प्रोजेक्ट व्ह्यूअर आणि आरसी यांची गल्लत करू नका

अवतार चार पावलं चालतो आणि थिजतो. मान वळवली तर समोरची भिंत दोन सेकंदांनी उगवते. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात ही तक्रार केली की शेजारचा कुणीतरी लगेच सांगतो, "बीटा टाक रे, एकदम मक्खन चालतं." घोळ इथूनच सुरू होतो. 'बीटा' म्हणून माणसं दोन वेगळ्याच गोष्टी डाउनलोड करतात: प्रोजेक्ट व्ह्यूअर किंवा रिलीज कँडिडेट, म्हणजे आपल्या बोलीत आरसी. (व्ह्यूअर म्हणजे ते जग पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर.) दोन्ही सेकंड लाइफ चालवणाऱ्या लिंडेन लॅबचेच आणि उघडल्यावर दिसायला जुळे भाऊ.

नाटकवाल्यांना हा फरक चटकन कळेल. प्रोजेक्ट व्ह्यूअर म्हणजे संहिता हातात धरून चाललेली तालीम. एखादी नवी सोय जेमतेम उभी राहिलेली असते आणि ती लोकांना वापरायला देऊन बघायची असते. मधले दोन प्रवेश अजून लिहायचेच असतात, आणि प्रयोग लागेलच याची खात्री नसते. आरसी म्हणजे रंगीत तालीम. सगळं बसलेलं असतं; शेवटचे खटके काढून, क्रॅशचं प्रमाण तपासून तोच व्ह्यूअर उद्या सगळ्यांना द्यायचा असतो.

आणखी एक गंमत आहे. प्रोजेक्ट व्ह्यूअर तुम्ही हुडकून उतरवल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. आरसी मात्र न बोलावता येऊ शकतो. प्रेफरन्सेसच्या सेटअप टॅबमध्ये रिलीज कँडिडेट चालतील का, असं विचारणारी एक चौकट असते. तिथे टिक असेल तर नेहमीच्या अपडेटमधून काही जणांच्या मशीनवर आरसी उतरतो. रंगीत तालमीला आपण प्रेक्षकांत बसलोय, याचा अशांना पत्ताही नसतो. आपल्याकडे काय आहे ते हेल्प मेनूतल्या अबाउट खिडकीत कळतं. आवृत्तीच्या आकड्यांशेजारी चॅनेलचं नाव असतं. त्यात 'प्रोजेक्ट' हा शब्द दिसला तर तुम्ही तालमीच्या हॉलमध्ये आहात.

आता मुद्द्याचं. स्मूद चालावं म्हणून यातलं काय टाकायचं? माझं मत सरळ आहे: आरसी, आणि तोही त्याच्या बदलांच्या यादीत वेगाबद्दल काही लिहिलं असेल तरच. प्रोजेक्ट व्ह्यूअर ज्या सोयीसाठी काढलेला असतो, ती सोय वेग वाढवणारीच असेल असं कुणी सांगितलं?

पीबीआरचंच घ्या. धातू, काच, ओलं लाकूड यांवर प्रकाश खऱ्यासारखा पडावा म्हणून आणलेली ही पद्धत. आधी प्रोजेक्ट, मग आरसी अशा पायऱ्या चढत २०२३ च्या अखेरीस ती सगळ्यांच्या व्ह्यूअरमध्ये आली आणि आवृत्ती ७ सुरू झाली. दिसायला देखणी, यात वाद नाही. पण साध्या लॅपटॉपवाल्यांची एक जुनी युक्ती तिच्यामुळे गेली. पूर्वी 'ॲडव्हान्स्ड लायटिंग मॉडेल'ची टिक काढली की चित्र जरा सपाट व्हायचं, पण सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढायच्या. नव्या व्ह्यूअरमध्ये तो साधा मार्गच काढून टाकला. त्यामुळे 'नवं ते वेगवान' म्हणून आधीच उडी मारणाऱ्या कमजोर मशीनवाल्यांच्या पदरी उलटंच दान पडलं.

याच्या अगदी उलट २०२२ मधलं काम. त्या वर्षी वेगासाठीच बरेच बदल झाले. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, उलगडण्याचं ओझं मुख्य कामावरून काढून प्रोसेसरच्या बाकीच्या कोअरवर टाकलं गेलं आणि ग्राफिक्सचा वेग सुधारणारी वेगळी खिडकी मेनूत आली. हेही आरसीच्या पायरीवरूनच सगळ्यांपर्यंत पोचलं. असा आरसी दिसला तर जरूर टाका. फायरस्टॉर्म हा बाहेरच्यांनी बनवलेला व्ह्यूअर वापरणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. लिंडेनचं हे काम तिथेही येतं, फक्त उशिरा.

पण टाकण्याआधी मोजा, आणि माझ्यासारखं मोजू नका. मी पहिल्यांदा जुना व्ह्यूअर शनिवारी रात्री गच्च भरलेल्या डान्स क्लबात तपासला आणि नवा एका रिकाम्या समुद्रकिनाऱ्यावर. फ्रेमचा आकडा दुप्पट! दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटलो. जागा तीच, गर्दी तेवढीच, ड्रॉ डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसावं ते अंतर, तेवढाच (१२८ मीटर पुरे) आणि टेक्स्चर पूर्ण उतरेपर्यंत पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मग आकडा बघायचा, हे शहाणपण नंतर आलं.

आकडे बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि १ एकत्र दाबा. वरचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो तुमच्या मशीनचा. खाली सिम्युलेटरच्या रांगेत टाइम डायलेशन (तिथला काळ खऱ्या वेळेच्या किती बरोबरीने चालतो) आणि सिम एफपीएस दिसतात, ते त्या रीजनच्या, म्हणजे तुम्ही उभे आहात त्या जमिनीच्या तुकड्याच्या, सर्व्हरचे. रीजनलाच सिमही म्हणतात. तब्येत ठीक असलेला सिम ४५ च्या आसपास आणि डायलेशन १ च्या जवळ असतं. वरचा आकडा चांगला आणि खालचे घसरलेले असतील, तर जगातला कुठलाही व्ह्यूअर टाकून उपयोग नाही, रीजनच दमलाय. तिसरा आकडा पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा. सेकंड लाइफचे सर्व्हर अमेरिकेत आहेत. पुण्यात बसून माझा पिंग दोनशेच्या खाली कधी येत नाही, आणि दार उघडायला लागणारा तेवढा उशीर कुठलाच आरसी कमी करत नाही.

जाता जाता: रीजनांचेही आरसी असतात, ब्लूस्टील, मॅग्नम वगैरे नावांचे. तो सर्व्हरचा मामला. "आमचा सिम आरसीवर आहे" असं कुणी म्हणालं म्हणून तुम्ही आपला व्ह्यूअर बदलायला धावू नका.

प्रोजेक्ट व्ह्यूअर नेहमीच्या व्ह्यूअरशेजारी वेगळा बसतो, म्हणून लोकांना तो निर्धोक वाटतो. पण लिंडेनच्या सगळ्या व्ह्यूअरची सेटिंग्ज एकाच फोल्डरात राहतात. विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये 'सेकंडलाइफ' नावाचं. तिकडे ग्राफिक्सची खटपट केली की इकडेही तीच दिसते. आधी त्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा.

इन्व्हेंटरीची, म्हणजे तुमच्या सामानाच्या साठ्याची, प्रत मात्र निघत नाही. ती सर्व्हरवर, आणि कुठल्याही व्ह्यूअरमधून उघडली तरी तीच. खरंच मोडतोड करून बघायची असेल तर त्यासाठी वेगळी ग्रिड, म्हणजे सगळ्या रीजनांचं मिळून वेगळं जग, आहे, आणि तिचं नाव आपल्याला परकं वाटणार नाही: अदिती. रोजची खरी ग्रिड म्हणजे अग्नी. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि जी दाबलं की ग्रिड निवडायची यादी येते. अदितीवर तुमच्या सामानाची नक्कल असते, तिथली खरेदीविक्री लुटुपुटूची. प्रोजेक्ट व्ह्यूअर तिथे हवा तसा हाणा. अग्नीवर तोच चालवताना चुकून डिलीट करून ट्रॅश रिकामी केलीत, तर दोनशे लिंडेन डॉलरची टोपी गेली ती गेलीच.