कामाच्या ठिकाणची अमली पदार्थ चाचणी आणि कर्मचाऱ्यांचे हक्क

नोकरीवर घेताना किंवा नोकरीत असताना एखाद्याच्या शरीरात अमली पदार्थांचे अंश आहेत का, हे तपासण्याची पद्धत. बहुतेक वेळा लघवी तपासतात. लाळ, केस किंवा रक्ताचा नमुनाही घेतला जातो. चाचणी भरतीपूर्वी, अपघातानंतर, सबळ संशय आल्यावर किंवा व्यसनोपचार घेऊन कामावर परतताना होते. कसलाही संशय नसताना अचानक कोणाचेही नाव काढून केलेली चाचणी हा आणखी एक प्रकार असून त्यावरून बरेच खटले झाले आहेत.

या पद्धतीचा प्रसार अमेरिकेतून झाला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी संघराज्य सरकारची कार्यालये अमली पदार्थमुक्त करण्याचा आदेश काढला. जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँडमधील चेज येथे अ‍ॅमट्रॅकची प्रवासी रेल्वेगाडी कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीच्या इंजिनांवर आदळून १६ जण मृत्युमुखी पडले. इंजिनांवरील कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे चौकशीत उघड झाले आणि जनमत चाचण्यांच्या बाजूने झुकले. १९९१ च्या कायद्याने विमान, रेल्वे आणि ट्रक वाहतुकीतील सुरक्षेशी संबंधित कर्मचाऱ्यांना चाचणी सक्तीची केली.

चाचणीची मूळ मर्यादा अशी की लघवीवरून नशा मोजता येत नाही. पदार्थ शरीरात पचल्यानंतर उरलेले घटक तेवढे तिच्यात सापडतात. कोकेनचे अंश काही दिवसांत निघून जातात. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत मात्र ते कित्येक आठवडे राहू शकतात. त्यामुळे सुट्टीत गांजा ओढून आठवड्याने पूर्ण शुद्धीत कामावर आलेला माणूस दोषी ठरू शकतो आणि नुकताच नशा करून आलेला कधीकधी सुटतो, कारण अंश लघवीत उतरायला वेळ लागतो. दारूची श्वासचाचणी या बाबतीत कितीतरी प्रामाणिक आहे: ती त्या क्षणीचे रक्तातील प्रमाण बऱ्यापैकी अचूक सांगते. पॉझिटिव्ह अहवाल हा कामावर नशेत असल्याचा पुरावा मानणे ही मालकांची नेहमीची गफलत आहे.

न्याय्य चाचणी कशी असते, हे अमेरिकेतील वाहतूक क्षेत्राच्या नियमांतून दिसते. नमुना किमान ४५ मिलिलिटर लागतो. भेसळ ओळखण्यासाठी त्याचे तापमान चार मिनिटांच्या आत पाहतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. मग कर्मचाऱ्यासमोरच ३० आणि १५ मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरून सील करतात आणि त्या सीलवर त्याची आद्याक्षरे घेतात. पुढे नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंद राहते. ही साखळी तुटली, तर अहवालाला अर्थ उरत नाही.

प्रयोगशाळेत पहिली चाचणी झटपट आणि स्वस्त असते, पण ती फसते. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनलाही ती अ‍ॅम्फेटामिन हे अमली उत्तेजक समजू शकते. म्हणून पॉझिटिव्ह नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ नेमका ओळखण्याच्या पद्धतीने) पुन्हा तपासतात. तरीही एक पेच उरतो. खसखस खाल्ल्यावर लघवीत उतरणारे मॉर्फिन हे खरेखुरे मॉर्फिनच असते. यंत्र तिथे चुकत नाही, माणूस मात्र निर्दोष असतो. याच कारणाने १९९८ मध्ये मॉर्फिन आणि कोडीन या अफूतील द्रव्यांसाठी पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली.

अहवाल मालकाकडे जाण्याआधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर हा डॉक्टर कर्मचाऱ्याशी बोलतो. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधामुळे निकाल तसा आला असेल, तर तो निगेटिव्ह म्हणून कळवला जातो. निकाल कळल्यापासून ७२ तासांत दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असतो. सगळ्या प्रक्रियेत कर्मचाऱ्याच्या सर्वांत उपयोगाच्या तरतुदी या दोनच. खाजगी कंपन्यांच्या धोरणांत नेमक्या त्या गाळल्या जाऊ शकतात.

न्यायालयांनी सुरक्षा आणि खाजगीपणा यांत वेगवेगळा तोल साधला आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे आणि सीमाशुल्क कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांना मान्यता दिली. मात्र लघवी घेणे ही राज्यघटनेच्या अर्थाने झडतीच आहे, असेही म्हटले. ते घटनात्मक संरक्षण सरकारी कारवाईपुरतेच आहे. खाजगी नोकरीत राज्याचा कायदा आणि कामगार करार यांवर भिस्त असते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयर्विंग पेपर गिरणीतील अचानक दारूचाचणी रद्द ठरवली: काम धोक्याचे आहे एवढे पुरेसे नाही, तिथे व्यसनाची खरी समस्या असल्याचे मालकाने दाखवले पाहिजे. उलट युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये स्वीडनच्या अणुऊर्जा केंद्रातील सफाई कामगार महिलेची चाचणीविरुद्धची तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला.

गांजा कायदेशीर झालेल्या ठिकाणी जुने नियम आता टिकेनासे झाले आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून, नशा न आणणारे गांजाचे अवशेष सापडले एवढ्यावरून बहुतेक मालकांना नोकरी नाकारता येत नाही. बांधकाम व्यवसाय मात्र त्यातून वगळला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९६ च्या आचारसंहितेत व्यसन ही आरोग्याची समस्या मानून उपचारांवर भर दिला आहे. भरतीपूर्व चाचणीत उपचारांचे हे संरक्षण फारसे पोचत नाही. उमेदवार अजून कर्मचारी नसतो, त्याच्या पाठीशी संघटना नसते आणि नकाराचे कारण सांगण्याचे बंधन सगळीकडे नसते.